दप्तरदारांच्या तीन प्रती

"मानवजातीची आजवरची सगळी प्रगती दुसऱ्या प्रतीवर उभी आहे," दप्तरदार म्हणाले. "पहिली प्रत काय, कोणीही करतं. अक्कल लागते ती दुसरीला. आणि ज्याला तिसरी प्रत सुचली, तो माणूस थेट देवाच्या शेजारी जाऊन बसला."

स्वतः दप्तरदार त्या वेळी जिन्याच्या पायरीवर बसले होते. समोर त्यांच्याच घराचं दार होतं आणि ते बंद होतं. ओढलं की आपोआप लागणारं कुलूप, आणि किल्ली आत राहिलेली. दुसरी किल्ली नव्हती असं नाही. ती आतल्या खोलीत, लोखंडी कपाटात, पाकिटावर 'दुसरी किल्ली' असं सुवाच्य अक्षरात लिहून अत्यंत सुरक्षित ठेवलेली होती.

"आणि त्या कपाटाची किल्ली?" शिवणबाईंनी विचारलं. त्या भाजीची पिशवी मांडीवर घेऊन एक पायरी वर बसल्या होत्या.

"पहिल्या किल्लीच्या जुडग्यात."

"छान," शिवणबाई म्हणाल्या, आणि किल्लीवाला येईपर्यंत त्यांनी मटार सोलून घेतले.

दप्तरदार हे त्यांचं आडनाव नव्हे. एका मोठ्या कचेरीच्या अभिलेख विभागात त्यांनी चौतीस वर्षं काढली, त्यात कोणाचाही कागद हरवू दिला नाही आणि शक्यतो कोणाला मिळूही दिला नाही. कागद मागायला आलेल्या माणसाला ते म्हणत, "सुरक्षित आहे." माणूस म्हणे, "बघायला मिळेल का?" दप्तरदार म्हणत, "सुरक्षित आहे म्हटलं ना?" अशा माणसाला निवृत्त केलं की तो घरातल्या माणसांकडे वळतो. शिवणबाई म्हणजे त्यांची बायको. शिवणकामाच्या शाळेत शिकवून त्याही घरी बसल्या होत्या. घरी बसल्या म्हणजे मशीनसमोर बसल्या. दप्तरदारांकडे जपण्याची कला होती आणि बाईंकडे जपण्याजोगी वस्तू होती. यापेक्षा चांगला संसार काय असतो?

ती वस्तू म्हणजे तीनशे बारा आकृत्या. तयार कपडे ज्यांना बसत नाहीत अशा माणसांसाठी कापड कसं बेतायचं, याच्या. एक खांदा उतरलेला असतो, कोणाच्या पाठीला बाक असतो. एखादीचं छातीचं ऑपरेशन झालेलं असतं आणि तिला आरशात पुन्हा सरळ दिसायचं असतं. कोणाचा सगळा दिवस चाकाच्या खुर्चीत जातो, त्याची विजार मागून उंच आणि पुढून आखूड लागते, हे दुकानदाराला ठाऊक नसतं. बाईंनी वीस वर्षं अशी माणसं घरी बोलावली, टेपनं मापं घेतली आणि प्रत्येकाची आकृती काढली. आकृतीच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलेलं असे, 'हिला हात वर करताना दुखतं, बटणं पुढून द्यावीत.' आता एक प्रशिक्षण संस्था त्या सगळ्याचं पुस्तक छापणार होती. आकृत्या शुक्रवारपर्यंत पोचायला हव्या होत्या.

त्या कागदावर नव्हत्या. कागद होते, एक ट्रंकभर. पण निवृत्त झाल्यावर दप्तरदारांनी ते सगळे एकेक करून संगणकात चढवले आणि मग "घरात कागद ठेवणं म्हणजे वाळवीला घर बांधून देणं" असं म्हणून रद्दीत घातले. ट्रंक रिकामी झाली तेव्हा बाई दाराशी उभ्या राहून बघत होत्या. काही बोलल्या नाहीत. दप्तरदारांनी त्याचा अर्थ संमती असा घेतला. लग्न झाल्यापासून ते तसाच घेत आले होते.

मग त्यांनी आपली पद्धत घालून दिली. पहिली प्रत टेबलाच्या खणातल्या डिस्कवर, दर रविवारी. दुसरी लोखंडी कपाटातल्या डिस्कवर, महिन्याच्या शेवटच्या रविवारी. तिसरी घराबाहेर, कारण घरच राहिलं नाही तर खण आणि कपाट घेऊन काय करायचं? रविवारी सकाळी आठ पन्नासला ते आंघोळीला जात. नऊ दहाला स्वच्छ सदरा घालून संगणकासमोर बसत. बाईंना शिवणाचं मशीन थांबवावं लागे, कारण हादऱ्यानं आकृत्या हलतात असं त्यांचं मत होतं. आधी डिस्क पूर्ण पुसून कोरी करायची. शिळ्यावर ताजं ठेवलेलं त्यांना ताटात चालत नसे, तर डिस्कवर कसं चालेल? मग प्रत काढायची, डिस्क मऊ फडक्यात गुंडाळायची आणि वहीत नोंद करायची: तारीख, सुरू वेळ, समाप्ती वेळ, सही. महिनाअखेरीला ते बायकोच्या मेलचीही झाडलोट करत. आलेलं, गेलेलं, सगळं साफ. "घाण साठली की रोग होतो," ते म्हणत.

ही घाण जिच्याकडे सर्वांत जास्त साठली होती ती म्हणजे त्यांची मेहुणी. बाईंची धाकटी बहीण, दुसऱ्या गावी राहणारी. तिच्या फोनवर चौदा हजार न वाचलेले मेल होते. दप्तरदारांनी तो आकडा एकदा प्रत्यक्ष पाहिला आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत.

"अगं, निदान पुसून तरी टाक," ते म्हणाले होते.

"कशाला भाऊजी? खायला मागतात का ते?"

तिसरी प्रत घड्याळजींकडे होती. घड्याळजी म्हणजे दप्तरदारांचे तीस वर्षांचे मित्र. घड्याळं दुरुस्त करत, आता डोळे थकले म्हणून दुकान बंद केलं होतं. साडेपाच वर्षांपूर्वी बागेतल्या बाकावर दोघांनी एकमेकांना डिस्क दिल्या. मी तुझी सांभाळतो, तू माझी सांभाळ. दोन्ही डिस्क पत्र्याच्या डब्यात, डब्याला चिकटपट्टी, पट्टीवर मालकाची आडवी सही. उघडायचं नाही, अशी शपथ. घड्याळजी जरा हसले होते. दप्तरदार हसले नाहीत.

दप्तरदारांनी ती ठेव कशी सांभाळली, हे सांगायला हवं. पाच वर्षांपूर्वी एका दुपारी इमारतीत आगीची घंटा वाजली. तिसऱ्या मजल्यावर कोणाचा तरी पाव जळला होता, पण ते नंतर कळलं. दप्तरदार क्षणाचाही विलंब न करता कपाट उघडून, घड्याळजींचा डबा छातीशी धरून, चार मजले उतरून रस्त्यावर आले. शिवणबाई मागून एकट्याच आल्या, हातात कात्री.

"माझं काय आणलंत?" त्यांनी विचारलं होतं.

"तुझ्या तीन प्रती आहेत. ही दुसऱ्याची ठेव आहे." त्यांना स्वतःचा इतका अभिमान वाटला होता की त्यांनी वहीत नोंद केली: 'घंटा. ठेव सुखरूप.'

आणि आता, शुक्रवार तीन दिवसांवर असताना, मंगळवारी सकाळी संगणक मेला.

आधी आतून खर्र-खर्र असा आवाज आला, मग टक, मग पडदा काळा. शिवणबाई धावत आल्या. "अहो, काय झालं?"

दप्तरदार खुर्चीत मागे टेकले. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं त्याला दुःख म्हणता येणार नाही. अग्निशमन दलात भरती होऊन तीस वर्षं आगच न लागलेल्या माणसाला पहिली हाक आल्यावर तो असा दिसत असेल.

"शेवटी!" ते म्हणाले.

"शेवटी काय? माझं पुस्तक आहे त्यात!"

"त्यात होतं. आता ते तीन ठिकाणी आहे. तू जा, शिवत बस." त्यांनी केस विंचरले, इस्त्रीचा सदरा घातला आणि मेलेला संगणक, पहिली डिस्क, दुसरी डिस्क आणि नोंदवही घेऊन रिक्षा केली.

दुरुस्तीवाल्याचं दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा आणि भिंतभर पोटं उघडलेली यंत्रं. त्यानं संगणक कानाशी लावला. "काका, हा गेला. आतली डिस्कच घासली गेलीय. यातलं काही निघेल असं नाही वाटत."

"काही बिघडत नाही," दप्तरदार मोठ्या मनानं म्हणाले आणि फडकं उलगडून पहिली डिस्क पुढे केली. "ही प्रत. परवाचीच."

दुरुस्तीवाल्यानं ती आपल्या लॅपटॉपला जोडली. पडद्यावर एकच पिवळं चित्र आलं. खाली नाव, 'आकृत्या'. दप्तरदारांनी त्याच्याकडे, परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलाकडे बाप बघतो तसं बघितलं. दुरुस्तीवाल्यानं त्यावर दोनदा टिचकी मारली. काही झालं नाही. पुन्हा मारली.

"काका, हा कोपऱ्यातला बाण दिसतोय का?"

"कुठला?"

"हा, इवलासा. हे फोल्डर नाहीये. फोल्डरकडे जायचा शॉर्टकट आहे. म्हणजे कसं, गावाबाहेर पाटी असते ना, 'गाव इकडे' म्हणून? ती पाटी आहे ही. तुम्ही दर आठवड्याला पाटी उचलून आणून कपाटात ठेवली. गाव जिथल्या तिथे राहिलं." मग त्यानं मेलेल्या संगणकाकडे पाहिलं आणि जरा आवाज उतरवून म्हणाला, "म्हणजे, होतं."

दप्तरदारांनी दुसरी डिस्क काढली. तिच्यातही पाटी होती, तोच बाण, त्याच दिशेनं.

"असं कसं होईल? मी स्वतः प्रत काढतो. नोंद आहे!" त्यांनी वही टेबलावर आपटली.

दुरुस्तीवाल्यानं वही उघडली. सुरुवातीच्या पानांवर लिहिलं होतं: सुरू नऊ दहा, समाप्त नऊ बावन्न. सुरू नऊ दहा, समाप्त नऊ एकावन्न. अशी दीड वर्षं. मग एका रविवारी: सुरू नऊ दहा, समाप्त नऊ दहा. आणि तिथून पुढे चार वर्षं, पानामागून पान, नऊ दहा, नऊ दहा, नऊ दहा. प्रत्येकापुढे सही.

"इथे काय झालं होतं?"

"नवा संगणक घेतला होता," दप्तरदार म्हणाले. "ज्यानं लावून दिला तो म्हणाला, तुमचं आकृत्यांचं चित्र समोरच ठेवून देतो, शोधायला नको. मला वाटलं... मला वाटलं, नवा आहे म्हणून चपळ आहे."

"बेचाळीस मिनिटांचं काम एका मिनिटात?"

"मी कौतुक केलं होतं त्याचं. समासात लिहिलंय बघ."

समासात खरोखरच लिहिलं होतं: 'यंत्र उत्तम.'

आपल्या विरुद्धचा पुरावा इतक्या सुवाच्य अक्षरात, दर आठवड्याला, सहीनिशी कोणी लिहून ठेवला नसेल. आणि तोही स्वच्छ सदरा घालून.

"एकदा तरी उघडून बघायचं होतं, काका."

"प्रत उघडायची नसते," दप्तरदार म्हणाले. चौतीस वर्षांची सवय बोलली ती. मग त्यांना आठवलं आणि ते ताडकन उठले. "तिसरी आहे! तिसरी जुन्या संगणकावरून काढलेली आहे. बेचाळीस मिनिटांची! तोवरच्या तीनशे आकृत्या आहेत तिच्यात. वरच्या बारा बाई पुन्हा काढेल." त्यांनी दुरुस्तीवाल्याचा लॅपटॉप तासाभरासाठी मागून घेतला. तो देताना त्या माणसानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. दप्तरदारांना ते आवडलं नाही.

घड्याळजींच्या घरी भिंतीवर अकरा घड्याळं होती आणि अकरांचंही एकमत नव्हतं. घड्याळजी बनियनवर बसले होते.

"ये रे ये. अवेळी कसा?"

"वेळ आलीय," दप्तरदार म्हणाले. "ठेव दे."

घड्याळजींची मान तासकाट्याच्या वेगानं त्यांच्याकडे वळली. "कुठली ठेव?"

"अरे माझा डबा! चेष्टा करू नकोस, सगळं गेलंय. हिचं वीस वर्षांचं काम तुझ्या डब्यात आहे."

घड्याळजी उठले, आत गेले, बराच वेळ आत राहिले आणि डबा घेऊन बाहेर आले. डब्यावर चिकटपट्टी होती. पट्टीवर सही होती. दप्तरदारांनी डोळ्यांत पाणी आणून डबा हातात घेतला आणि मग त्यांचं लक्ष सहीच्या शेपटीकडे गेलं. ते शेपटी उजवीकडे काढत. ही डावीकडे वळली होती.

"ही माझी सही नाही."

"असं कसं? तुझीच आहे."

"मी माझी सही ओळखत नाही का?"

घड्याळजींनी चष्मा पुसला. "बरी जमली होती रे. डोळे गेलेत, नाहीतर हुबेहूब झाली असती."

लॅपटॉपवर डिस्क उघडली. यात बाण नव्हता. यात पुष्कळ होतं, ओळींवर ओळी: 'कबूतर सकाळ एक', 'कबूतर सकाळ दोन', 'कबूतर दुपार', 'कबूतर भांडण', 'कबूतर भांडण मोठं', 'पिल्लू'. पाच वर्षांची कबुतरं.

"समोरच्या कठड्यावर येतात," घड्याळजी म्हणाले. "दुकान बंद झाल्यावर दुसरं बघायला काय आहे मला? फोन भरला. म्हटलं, डिस्क पडूनच आहे."

"पडून? ती ठेव होती!"

"मी उघडून बघितलं ना आधी. बाह्या, खांदे, अर्ध्या पाठी. म्हटलं याच्याकडे तर अशा तीन-तीन प्रती आहेत. तूच सांगायचास ना उठता बसता? खण, कपाट, अमुक, तमुक. मला वाटलं तुझं इतकं भक्कम आहे की माझ्याकडची म्हणजे नुसती हौस."

"नुसती हौस?" दप्तरदारांचा आवाज चिरकला. "मी तुझी डिस्क साडेपाच वर्षं जपली! आगीत बायकोला वर ठेवून तुझा डबा घेऊन खाली धावलो मी! तुझ्या डब्याची पट्टी बघ जाऊन, तुझीच सही आहे अजून! काय आहे तुझं तिच्यात, ते तरी सांग."

अकरा घड्याळं आपापल्या मताप्रमाणे टिकटिकत होती.

"काय आहे?"

"काही नाही."

"म्हणजे?"

"कोरी आहे. माझ्याकडे ठेवण्यासारखं काय होतं रे तेव्हा? तू इतका गंभीर चेहरा करून बाकावर बसला होतास. नाही म्हटलं असतं तर तुझा विरस झाला असता. येताना वाटेत एक डिस्क घेतली आणि दिली. तुला बरं वाटावं म्हणून."

दप्तरदार उठले. दाराशी थांबले. मित्राला काहीतरी भयंकर बोलावं, जन्मभर लक्षात राहील असं, म्हणून त्यांनी तोंड उघडलं. पण त्यांना सुचलं ते इतकंच: "कबुतरांची तरी दुसरी प्रत काढलीयस का?"

"नाही," घड्याळजी म्हणाले. "काढू का?"

लॅपटॉप परत करून घरी ते चालत गेले. वाटेत त्यांनी सांगायची सुरुवात सात प्रकारे केली. सातव्यात ते स्वतःच रडले, म्हणून ती रद्द केली. चार जिने चढले. दारातून मशीनचा आवाज येत होता. बाई काळ्या कापडाला दुमड घालत होत्या.

"अगं, जरा मशीन थांबव."

"का? आज मंगळवार ना? प्रत रविवारी असते."

"थांबव गं."

बाईंनी पाय उचलला. दप्तरदार स्टुलावर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं, बाण, पाटी, वही, कबुतरं, कोरी डिस्क. काहीही लपवलं नाही. नोंदी ठेवायची सवय होती, त्यामुळे वेळाही सांगितल्या.

"तिन्ही?" बाईंनी विचारलं.

"तिन्ही."

"एकही आकृती नाही?"

"एकही नाही. तुझे कागदही मीच रद्दीत... मी तुझ्या वीस वर्षांची माती केली."

बाईंनी दातानं दोरा तोडला. कापडाची घडी घातली. "बरं," त्या म्हणाल्या.

"बरं काय? अगं, रड! ओरड! शुक्रवारी त्या माणसांना काय देणार?"

बाईंनी बहिणीला फोन लावला आणि समोर मेजावर ठेवून आवाज मोठा केला. "धाकटे, वेळ आली गं. पाठव सगळं."

पलीकडून आधी हसणं ऐकू आलं, मग मेहुणी. "बुडाले का भाऊजी?"

"बुडाले. इथेच बसलेत."

"भाऊजी! चौदा हजार, चौदा हजार म्हणून हिणवायचात ना? त्यातले पाऊणशे ताईचे आहेत हो. एकेकात चार-चार, पाच-पाच आकृत्या. एकही पुसला नाही. एकही वाचला नाही ते सोडा. संस्थेला परस्पर पाठवू का ताई?"

"पाठव. आणि मला त्यातला पहिला मेल पाठव, ह्यांना बघू दे."

फोन टिंग करून वाजला. दप्तरदारांनी चष्मा लावला. मेल उघडला. वर पाच आकृत्या जोडलेल्या होत्या; पहिल्या आकृतीच्या कडेला त्यांच्या बायकोचं बारीक अक्षर, 'हिला हात वर करताना दुखतं.' खाली दोन वाक्यं: 'सांभाळ. ह्यांना सांगू नकोस.' त्यांनी तारीख बघितली. त्यांना वही उघडायची गरज नव्हती. त्या दिवशी त्यांनी लिहिलं होतं, 'ठेव सुखरूप.'

आकृत्या वाचल्या होत्या, तीनशे बाराच्या तीनशे बारा. दप्तरदारांना आनंद व्हायला हवा होता. तो आत कुठेतरी झालाही असेल, पण वर यायला त्याला जागा मिळेना.

"पाच वर्षं," ते म्हणाले. "पाच वर्षं माझ्या पाठीमागे!"

"पाठीमागे कुठे? तुम्ही न्हाणीघरात असायचात. आठ पन्नास ते नऊ दहा. एका आंघोळीत एक मेल आरामात जायचा. सगळ्या जुन्या गेल्यावर मग नवी आकृती झाली की."

"स्वतःला का नाही पाठवलंस?"

"तुम्ही महिनाअखेरीला झाडू मारता ना. तुमच्या तावडीतून सुटेल अशी एकच जागा आठवली मला. जिथे कधीच झाडू फिरत नाही."

"ताई, मी ऐकतेय हां," फोन म्हणाला.

"म्हणजे तुला माहीत होतं? डिस्क रिकाम्या आहेत ते?"

"छे हो, ते कुठून कळणार मला? मला वाटायचं, भरलेल्या आहेत."

"मग?"

"भरलेल्या असत्या तरी पाठवलं असतं." बाई त्यांच्याकडे बघत नव्हत्या, मशीनच्या चाकावरची धूळ बोटानं पुसत होत्या. "त्या दिवशी मी रस्त्यावर कात्री घेऊन उभी होते. तुम्ही डबा छातीशी धरून आलात. मला वाटलं माझा असेल. मग पट्टीवरची सही दिसली."

दप्तरदारांनी उत्तर शोधलं, सर्व खण, सर्व कपाटं. नव्हतं.

"मग दर रविवारी मशीन का थांबवत होतीस? फडकं धुऊन का द्यायचीस डिस्कचं? मी सही करताना तिथे उभं राहून मान का हलवायचीस?"

"तुम्हाला बरं वाटायचं."

एकाच दिवशी, दोन माणसांच्या तोंडून, तेच शब्द. दप्तरदारांना दिसलं की आपण वर्षानुवर्षं एका मोठ्या तटबंदीवर पहारा देत होतो. सगळे रोज खालून आपल्याला हात करत होते, कौतुकानं बघत होते, आणि आतला ऐवज मागच्या दारानं केव्हाच मेहुणीकडे गेला होता. मित्रानं फसवलं ते समजण्यासारखं होतं. त्यानं निदान नुकसान तरी केलं होतं. बायकोनं काहीही बुडवलं नव्हतं, आणि तेच जास्त लागत होतं. आकृत्या खरोखर गेल्या असत्या तर ते गुन्हेगार ठरले असते. गुन्हेगाराला निदान एक स्थान असतं. आता ते कोणीच नव्हते.

ते उठले. दोन्ही डिस्क, कपाटातला घड्याळजींचा डबा आणि नोंदवही त्यांनी मेजावर एका रेषेत मांडली. पेन काढलं. वहीत शेवटची नोंद केली: 'विश्वास. प्रती शून्य.' सही केली, शेपटी उजवीकडे. पेनाचं टोपण लावलं.

"ऐका," ते खिडकीशी जाऊन, पाठमोरे उभे राहून म्हणाले. "दोघी ऐका. आजपासून या घराच्या स्मृतीशी माझा काडीचाही संबंध राहिलेला नाही. इथे काय टिकावं, काय नष्ट व्हावं, याची जबाबदारी मी खाली ठेवतो आहे. यापुढे मी तारीख विचारणार नाही. उद्या कोणी मला माझं नाव विचारलं, तरी मी सांगेन, मेहुणीला विचारा. मी या घरात फक्त राहतो."

दप्तरदार पाठमोरेच थांबले. कोणीतरी "असं काय करता?" म्हणेल, निदान नाक तरी ओढेल, एवढा वेळ त्यांनी दिला. मागून कागदाची सळसळ ऐकू आली. बाई संस्थेचं संमतिपत्र पाकिटात घालत होत्या. ते मात्र मेलवर चालणार नव्हतं, सहीचं, टपालानंच पाठवायचं होतं. मग काहीतरी फिरवताना लागतो तसा जोर लावल्याचा आवाज आला. एकदा. पुन्हा एकदा.

"अहो," शिवणबाई म्हणाल्या.

दप्तरदार वळले. अगदी हळू, क्षमा करायच्या तयारीनं.

"तेवढं या डिंकाच्या बाटलीचं झाकण फिरवून द्या ना. घट्ट बसलंय."